पोटरीतला फॉस्फरस कसा मोजायचा: पायाच्या धमन्यांच्या आजारात एमआर स्पेक्ट्रोस्कोपी

पायाच्या धमन्या अरुंद झालेला माणूस खुर्चीत बसला असताना ठणठणीत वाटतो. चालायला लागला की पोटरी भरून येते, थांबला की काही मिनिटांत मोकळी होते. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारा एबीआय ०.९० किंवा त्याहून कमी आला की निदान जवळपास पक्कं होतं. मात्र हा आकडा नळीतल्या दाबाचा असतो, स्नायूला काय सोसावं लागतं ते तो सांगत नाही. जुन्या मधुमेहात धमन्यांच्या भिंती इतक्या कडक होतात की कफने त्या दबतच नाहीत. मग एबीआय १.४० च्या वर जातो आणि त्याचा उपयोग संपतो.

स्नायूच्या पेशीत ऊर्जेचा हिशोब कसा चाललाय हे कातडीला सुईही न लावता पाहायचं असेल, तर फॉस्फरस-३१ स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे एमआरआय यंत्राने स्नायूतल्या फॉस्फरस असलेल्या रेणूंचे सिग्नल वेगवेगळे मोजणं, हा रस्ता आहे. एमआरआय विभागात नव्याने आलेले टेक्नॉलॉजिस्ट, रेडिऑलॉजीचे रेसिडेंट आणि फिजिओथेरपी किंवा शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी करणारे यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ही तपासणी एबीआय, डॉपलर किंवा अँजिओग्राफीची जागा घेत नाही. आज ती संशोधनाचं साधन आहे, आणि तसंच समजून केली तर तिच्यातून बरंच काही हाती लागतं.

नेमकं काय मोजायचं

स्नायू आकुंचन पावतो एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं इंधन, जाळून. एटीपीचा साठा अगदी थोडा असतो, तरी तो सहसा कमी होत नाही, कारण फॉस्फोक्रिएटिन (पुढे पीसीआर) आपला फॉस्फेट देऊन तो लगेच भरून काढतं. नळाचं पाणी गेल्यावर गच्चीवरची टाकी घर चालवते, तसंच. पाणी परत आल्यावर टाकी किती वेळात भरते यावरून नळाला जोर किती आहे ते कळतं, आणि आपण मोजणार आहोत ती हीच भरण्याची गती.

व्यायाम थांबल्यावर पीसीआर पुन्हा भरतं ते जवळजवळ पूर्णपणे ऑक्सिजनच्या जोरावर. याची सरळ साक्ष अशी: व्यायाम संपताक्षणी मांडीवरचा कफ फुगवून रक्त अडवलं, तर पीसीआर जिथे असेल तिथेच थांबतं. कफ सोडला की वर चढू लागतं. म्हणून या भरण्याचा काल-स्थिरांक, म्हणजे टाऊ (घट सुमारे ६३ टक्के भरून निघायला लागणारा वेळ), हा रक्त, ऑक्सिजन आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) या तिघांच्या एकत्रित कामाचं माप ठरतो. निरोगी माणसाच्या पोटरीत बेताच्या व्यायामानंतर टाऊ साधारण ३० ते ४० सेकंद येतो. धमन्यांच्या आजारात तो दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो.

नवखा माणूस बहुतेक वेळा विश्रांतीच्या स्पेक्ट्रममध्येच (सिग्नलचा वारंवारतेनुसार आलेख; त्यातला प्रत्येक उंचवटा म्हणजे पीक) आजार शोधत बसतो. चालताना दुखणाऱ्या, पण बसल्यावर न दुखणाऱ्या रुग्णात विश्रांतीचं स्पेक्ट्रम बहुधा नॉर्मलच दिसतं. अकार्बनी फॉस्फेट (पुढे पीआय) वाढलेलं आणि पीसीआर घटलेलं चित्र विश्रांतीतही दिसतं ते पाय धोक्यात आल्यावर.

यंत्र आणि कॉइल

सर्वसाधारण रुग्णालयातलं एमआरआय फक्त प्रोटॉन ऐकतं. ३ टेस्लावर प्रोटॉनची वारंवारता सुमारे १२८ मेगाहर्ट्झ आणि फॉस्फरस-३१ ची सुमारे ५२, त्यामुळे वेगळा ॲम्प्लिफायर, वेगळी कॉइल आणि कंपनीचा मल्टिन्यूक्लियर परवाना, हे सगळं लागतं. कामाचं नियोजन करण्याआधी हे तिन्ही आपल्या यंत्रावर आहेत का ते बायोमेडिकल विभागाकडून लेखी घ्या. तोंडी ‘आहे बहुतेक’ या उत्तरावर एथिक्स कमिटीचा अर्ज भरू नका.

कॉइल, म्हणजे सिग्नल पकडणारी वेटोळी, सरफेस प्रकारची, अंगाला लावून ठेवायची असते. तिची पोहोच ढोबळमानाने तिच्या त्रिज्येएवढी. दहा-बारा सेंटिमीटर व्यासाची कॉइल पोटरीखाली ठेवली तर सिग्नल मुख्यतः गॅस्ट्रोक्निमिअसचा (पोटरीचा वरच्या थरातला स्नायू) येतो, त्याच्या खालच्या थरातल्या सोलिअसचाही थोडा मिसळतो. प्रोटॉन आणि फॉस्फरस दोन्ही ऐकणारी कॉइल मिळाली तर उत्तम, कारण शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) प्रोटॉनवर करायचं असतं आणि कॉइल बदलताना पाय हलतो.

१.५ टेस्लावरही हे काम होतं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या क्रिस्टोफर क्रेमर यांच्या गटाने २००६ मध्ये व्यायामानंतर पोटरीतलं पीसीआर उशिरा भरतं यावरून हा आजार ओळखू येतो हे दाखवलं, आणि ते काम १.५ टेस्लावरचं होतं. ७ टेस्लावर सिग्नल इतका सुधारतो की व्हिएन्नाच्या संशोधकांनी सेमी-लेझर या ठरावीक जागेपुरता सिग्नल घेण्याच्या पद्धतीने एकेका स्नायूतून वेगळं स्पेक्ट्रम घेतलं. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला ३ टेस्लाच येणार, आणि तेवढं पुरतं.

पेडल, आणि गुडघा

बोगद्यात झोपून व्यायाम करायचा तर पायाखाली पेडल हवं, आणि त्यात लोखंडाचा एक खिळाही चालत नाही. लाकूड, प्लास्टिक, पितळ यांतून स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवता येतं. भार वजनाने, हवेच्या दाबाने किंवा रबरी पट्ट्यांनी देता येतो. पट्ट्यांचा एक तोटा आहे: ताण पेडलच्या स्थितीनुसार बदलतो आणि रबर जुनं झालं की महिन्यागणिक ढिला पडतो. परवडत असेल तर वजन किंवा हवा निवडा.

गुडघ्याकडे मात्र पेडलपेक्षाही जास्त लक्ष द्या. गुडघा सरळ असताना टाच उचलली, म्हणजे पंजा खाली दाबला, तर गॅस्ट्रोक्निमिअस काम करतो. गुडघा वाकवला की तो स्नायू वरच्या टोकाला सैल पडतो आणि भार सोलिअसवर जातो. गुडघ्याखाली आरामासाठी जाडसर उशी घातली की व्यायाम सोलिअस करतो आणि कॉइल ऐकते गॅस्ट्रोक्निमिअस. पीसीआर फारसं खालीच येत नाही, आणि ऑपरेटर भार वाढवत बसतो. म्हणून गुडघा सरळ, मांडीवर आणि गुडघ्याच्या वर पट्टा, आणि प्रत्येक भेटीत गुडघ्याचा कोन लिहून ठेवायचा.

रुग्णाची तयारी

हे रुग्ण साधारण साठीच्या पुढचे, बऱ्याच जणांना मधुमेह, काहींना हृदयविकार. पेसमेकर, स्टेंट, बायपासच्या वेळच्या क्लिपा यांची नेहमीची चौकशी तर कराच. स्टेंट बहुधा नायटिनॉलचे आणि ठरावीक अटींवर एमआरआयला चालणारे असतात, तरी कार्ड बघितल्याशिवाय आत घेऊ नका. स्पेक्ट्रोस्कोपीला गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट) लागत नाही, त्यामुळे मूत्रपिंड अशक्त असलेल्यांनाही घेता येतं. रात्री झोपेत पाय दुखतो, बोटावर काळसर जखम आहे, असा रुग्ण व्यायामाच्या तपासणीला नको. छातीत दुखण्याचा इतिहास असेल तर डॉक्टर हजर असल्याशिवाय पेडल हलवू देऊ नका.

आपल्याकडच्या दोन गोष्टी. बायकांच्या पायात जोडवी आणि पैंजण असतात, आणि ती कित्येक वर्षांत उतरवलेली नसतात. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण शिमिंग बिघडवते आणि तापूही शकते. साबणपाण्याने उतरवायला वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरा. घोट्याला बांधलेल्या काळ्या दोऱ्यात तार किंवा मणी आहे का तेही बघा.

दुसरी गोष्ट तंबाखू. तपासणीआधी काही तास बिडी, सिगारेट, तंबाखू नको, हे आदल्या दिवशी फोनवर सांगितलेलं बरं. तरुण वयात भरपूर बिडी ओढणाऱ्यात बर्गरचा आजार (तंबाखूमुळे लहान धमन्यांना सूज येऊन त्या बंद होणं) असेल, तर तो बऱ्याचदा घोट्याखालच्या आणि पावलाच्या धमन्यांत असतो. अशा रुग्णाची पोटरी चांगली दिसली म्हणून त्याचा पाय चांगला आहे असं लिहून देऊ नका.

मधुमेहात पावलाची संवेदना गेलेली असते. टाच वीस मिनिटं पेडलच्या कडेवर घासली तरी त्याला कळणार नाही. टाचेखाली मऊ पॅड ठेवा आणि बाहेर आल्यावर पाऊल स्वतः बघा. दोन्ही पोटऱ्या एकमेकींना टेकू देऊ नका, मध्ये घडी केलेली चादर ठेवा. कातडीला कातडी लागली की विद्युतप्रवाहाची वाट बनते आणि भाजू शकतं.

रुग्ण पार्किंगपासून चालत आला असेल तर त्याचा व्यायाम आधीच झालेला असतो. दहा-पंधरा मिनिटं आडवं पडू द्या. याच वेळात बाहेरच्या पलंगावर पेडलची हालचाल करून घ्या. साध्या भाषेत सांगा: ‘काका, पाय हलवायचा तो फक्त घोट्यातून. टक् आवाज आला की दाबा, मग लगेच सोडा. पोटरी भरून आली आणि सोसवेना झालं की हातातला रबरी फुगा दाबा. आमच्यासाठी म्हणून ताणू नका.’ शेवटचं वाक्य वगळू नका, कारण आपले वडीलधारे लोक डॉक्टरांसमोर कळ लपवतात.

टेबलवर

पोटरीचा सर्वांत जाड भाग कॉइलच्या मध्यावर यायला हवा. मध्यावर माशाच्या तेलाची कॅप्सूल चिकटवली की ती प्रोटॉनच्या चित्रात चमकते आणि जागा पक्की करता येते. गुडघ्याच्या खाचेपासून कॉइलच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा. तीन महिन्यांनी तोच रुग्ण परत येतो तेव्हा या एका आकड्यावरच तुलना उभी राहते.

शिमिंगला घाई नको. ३ टेस्लावर पीसीआरच्या पीकची रुंदी १५ ते २० हर्ट्झच्या आत आली तर काम चालतं. त्याहून रुंद असेल तर पाय थोडा सरकवून पुन्हा करा.

मग टीआर, म्हणजे एका मोजणीपासून पुढच्या मोजणीपर्यंतचा वेळ, ठरवायचा. पीसीआरचा टी-१ (पल्सनंतर सिग्नल सावरण्याचा काल-स्थिरांक) ३ टेस्लावर सहा-साडेसहा सेकंद, म्हणजे पूर्ण सावरलेलं स्पेक्ट्रम हवं तर टीआर ३० सेकंदांच्या आसपास लागतो. व्यायामाच्या वेळी तेवढी वाट बघणं शक्य नाही. म्हणून दोन प्रकारची मोजणी करतात: विश्रांतीत लांब टीआरचं एक चांगलं स्पेक्ट्रम, आणि पुढचं सगळं २ ते ४ सेकंदांच्या टीआरवर. २ सेकंदांना अर्न्स्ट कोन, म्हणजे त्या टीआरला सर्वांत जास्त सिग्नल देणारा पल्सचा कोन, सुमारे ४३ अंश येतो. विश्रांतीतली दोन्ही स्पेक्ट्रम ताडून प्रत्येक पीकसाठी सॅच्युरेशनचा गुणक (छोट्या टीआरमुळे घटलेला सिग्नल दुरुस्त करणारा आकडा) काढून ठेवा. छोट्या टीआरच्या सुरुवातीची काही स्पेक्ट्रम फेकून द्यायची, कारण तोवर स्थिरावस्था आलेली नसते.

व्यायाम

दोन मिनिटं विश्रांती, दोन ते चार मिनिटं व्यायाम, आणि मग पुनर्भरण, असा क्रम. मेट्रोनोम दर दोन सेकंदांनी एक ठोका देईल असा लावा आणि स्पेक्ट्रम पाय सैल असतानाच घेतलं जाईल असा ट्रिगर जोडा. आकुंचनाच्या क्षणी स्नायू कॉइलपासून सरकतो आणि पीक रुंद होतात.

भार किती, यावर सगळी तपासणी तरते किंवा बुडते. पीसीआर खूप कमी घटलं, समजा दहा टक्केच, तर गोंगाटातून टाऊ काढता येत नाही. खूप घटलं आणि स्नायू आम्लधर्मी झाला, तर टाऊ त्या आम्लतेनेच लांबतो आणि धमनीचा दोष किती, आम्लतेचा किती हे वेगळं करणं अवघड होतं. पीसीआर विश्रांतीच्या पातळीच्या ३० ते ५० टक्के खाली यावं आणि पीएच शक्यतो ६.८ च्या वर राहावा, असा भार शोधा. निरोगी तुलना-गटाला आणि रुग्णांना सारखंच किलो वजन देणं वरवर न्याय्य वाटतं, पण त्याने रुग्ण आम्लतेत जातात आणि निरोगी माणसाला घामही फुटत नाही. मी त्यापेक्षा व्यायामाच्या शेवटचं पीसीआर सारखं ठेवण्याच्या बाजूचा आहे. तसं करताना रुग्णाने काम किती केलं तेही छापायला हवं, हे ओघाने आलंच.

पुनर्भरण किती वेळ नोंदवायचं? किमान टाऊच्या चार-पाच पट. ३५ सेकंदांच्या टाऊला तीन मिनिटं पुरतात, ९० सेकंदांच्या टाऊला साडेसात मिनिटं लागतात. निरोगी तरुणांवर बसवलेला पाच मिनिटांचा प्रोटोकॉल जसाच्या तसा रुग्णाला लावला, की वक्र सपाट होण्याआधीच नोंद संपते आणि टाऊ नुसता अंदाजावर राहतो. रुग्णांसाठी दहा मिनिटं ठेवा. या काळात पाय अजिबात हलता कामा नये. पेडलवरून पाय काढून आरामात ठेवण्याची इच्छा प्रत्येकाला होते, ती आधीच सांगून थोपवा.

आकडे काढणं

स्पेक्ट्रममध्ये पीसीआरला शून्य पीपीएम (आडव्या अक्षावरचं वारंवारतेचं एकक) मानतात. त्याच्या डावीकडे सुमारे ४.९ वर पीआय, उजवीकडे सुमारे −२.५, −७.५ आणि −१६ वर एटीपीचे गॅमा, अल्फा, बीटा पीक. फिटिंगसाठी, म्हणजे प्रत्येक पीकचा आकार मोजण्यासाठी, जेएमआरयूआय या सॉफ्टवेअरमधली अमारेस ही पद्धत वापरतात. दोन पीकमधलं अंतर आणि पीकच्या फाटीचं प्रमाण आधीच माहीत असतं, ते त्याला सांगून ठेवलं की गोंगाटातही फिट भरकटत नाही.

पीएच काढायचा तो पीआय आणि पीसीआर यांच्यातल्या अंतरावरून:

पीएच = ६.७५ + लॉग [(अंतर − ३.२७) ÷ (५.६९ − अंतर)]

लॉग दहाच्या पायाचा. अंतर ४.९ असेल तर कंसातला भागाकार २.०६ आणि पीएच ७.०६, विश्रांतीला शोभेल असा. अंतर ४.५ वर आलं तर पीएच ६.७६. म्हणजे पीआयचं पीक पीसीआरकडे सरकू लागलं की स्नायू आंबट होतोय, हे पडद्याकडे बघूनच कळतं. व्यायामात पीआयचं पीक फाटून दोन झालं तर घाबरू नका: कॉइलला काम करणारे आणि विश्रांती घेणारे असे दोन्ही तंतू एकदम ऐकू येताहेत. अशा नोंदीत दोन्ही पीएच वेगवेगळे द्यावेत, सरासरी काढू नये.

पुनर्भरणाच्या वक्रावर एकघातांकी फिट बसवतात: कोणत्याही क्षणीचं पीसीआर म्हणजे शेवटची पातळी, अधिक घट गुणिले (१ − घातांक(−वेळ ÷ टाऊ)). ‘शेवटची पातळी’ ही व्यायाम संपतानाची. एटीपी ८.२ मिलिमोलर धरून बाकीची मूल्यं त्यावरून काढायची प्रथा आहे. उदाहरणादाखल, विश्रांतीत पीसीआर ३३ आणि शेवटी २० मिलिमोलर धरा. टाऊ ३५ सेकंद असेल तर सुरुवातीची भरण्याची गती १३ ÷ ३५, म्हणजे मिनिटाला सुमारे २२ मिलिमोलर. टाऊ ९० असेल तर ती ९ च्याही खाली जाते. घट वेगवेगळी असलेल्या दोन माणसांची तुलना करताना ही गती टाऊच्या शेजारी ठेवूनच वाचावी.

पीएच पुन्हा ७ वर यायला लागणारा वेळही नोंदवा. हायड्रोजन आयन पेशीबाहेर नेणं रक्तप्रवाहावर अवलंबून असतं, त्यामुळे या आजारात पीएचही रेंगाळतो. पीसीआर भरताना स्वतःही थोडी आम्लता निर्माण करतं, म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात पीएच आणखी घसरला तर ती चूक समजू नये.

आकडा वाचताना

टाऊ लांब आला म्हणजे धमनी बंद, हा निष्कर्ष इतका मोहक आहे की अहवालात तो आपोआप उमटतो. तो टाळा. मधुमेह, हृदय कमकुवत असणं, महिनोन्महिने न चालणं, यांपैकी कशानेही टाऊ लांबतो. २००० साली इराक्लिस पिपिनोस आणि सहकाऱ्यांनी याच तंत्राने चालताना दुखणाऱ्या पायात मायटोकॉन्ड्रियाचाच दोष असावा असं मांडलं. क्रेमर यांच्या गटाने २००९ मध्ये पोटरीतला रक्तपुरवठा आणि पीसीआरचं भरणं हे एकमेकांशी जुळत नाहीत असं दाखवलं. म्हणजे रक्त पोहोचलं तरी स्नायूला ते वापरता येईलच असं नाही. अँजिओप्लास्टी नीट झालेल्या, तरीही चालणं न सुधारलेल्या रुग्णाबद्दल प्रश्न असेल तर हे तंत्र तिथे खरं कामाचं आहे. त्याच बैठकीत एएसएल (रक्तालाच चुंबकीय खूण करून रक्तपुरवठा मोजणारी एमआर पद्धत) किंवा बोल्ड (रक्तातल्या ऑक्सिजननुसार बदलणारा एमआर सिग्नल) यांची मोजणीही केली तर कोडं निम्मं सुटतं.

अहवालात टाऊ एकटा कधीच लिहू नका. त्याच्या शेजारी व्यायामाच्या शेवटचा पीएच, पीसीआर किती टक्के घटलं, भार, गुडघ्याचा कोन, कॉइलची जागा, आणि थांबायचं कारण दुखणं होतं की वेळ संपली, एवढं हवंच. रुग्णाला दुसऱ्या पायाचीही मोजणी द्यायची असेल तर ती लगेच न घेता अर्ध्या तासाने घ्या. कमी दुखणारा पाय आधी घ्यावा, म्हणजे तेवढ्यात रुग्णाला पेडलची सवयही होते.